दोन घरांची साक्ष

सकाळी सातच्या सुमारास बेल वाजली की आमच्या घरात कोणी ‘कोण आहे’ म्हणून विचारत नसे. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, “तुझा इतिहास आलाय.”

दार उघडलं की ते उभे. पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेनं, हातात घडीचं स्टूल. आत या म्हटलं तर येत नसत. जिन्याच्या चौकातच स्टूल उघडून बसायचे आणि मी दारात उभी. “आत बसलं की चहा होतो, मॅडम. चहा झाला की विषय बदलतो.” मला साडेनऊला विम्याच्या ऑफिसात पोचायचं असायचं, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या असायच्या, आणि हा माणूस विचारत असायचा की दोन वर्षांनंतरच्या चैत्रात कोणत्या पेठेत फिरायचं.

मला इतिहासाची आवड नव्हती. आजही नाही. तरी दहा-अकरा वर्षं मी आमच्या इतिहास मंडळाची चिटणीस होते. ते आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. गंगापूर रोडला तेव्हा नुकत्या इमारती होत होत्या आणि सोसायटीचं काम दुसरं कोणी करेना म्हणून मी करत होते. त्यांनी मंडळाच्या सभेसाठी महिन्यातून एका रविवारी पार्किंगची जागा मागितली. मी म्हटलं, घ्या, पण नंतर झाडून द्यायची. पहिल्या सभेनंतर मी झाडू घेऊनच खाली गेले. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “जी बाई झाडू विसरत नाही, ती मंडळ चालवू शकते.” मी नाही म्हणायच्या आत टाळ्या झाल्या.

ते कोर्टात स्टेनो होते. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या साक्षी टिपून घेण्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यातून उठलेच नाहीत. मंडळाचे नियम त्यांनीच केले. एक, माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं. दोन, तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या घरच्या माणसानेही सांगायला हवी. एका घरातली दहा माणसं आली तरी ती एकच साक्ष. “एका घरात सगळ्यांना तेच वाढलेलं असतं,” असं ते म्हणत. तीन, जे सांगायचं ते सगळ्यांसमोर. कानात सांगितलेलं धरलं जाणार नाही.

या नियमांमुळे नाशकात काय होतं, ते पहिल्याच सभेत दिसलं. एक निवृत्त केमिस्ट होते. ते घसा खाकरून उभे राहिले. “आपल्या या नाशिकक्षेत्री प्रभू रामचंद्रांनी—”

आमच्या स्टेनोंनी हात वर केला. “तुम्ही पाहिलंत?”

“म्हणजे?”

“तुम्ही तिथे होतात का?”

“अहो, काय बोलताय! रामायणात आहे.”

“मग ते रामायणवाले बघतील. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा.”

“मी काय पाहणार? माझा जन्म औषधाच्या दुकानात गेला.”

“दुकानासमोर काय होतं?”

“काही नाही. टांग्याचा अड्डा होता.”

“सांगा.”

केमिस्ट तासभर बोलले. घोड्यांच्या हौदाबद्दल, टांगेवाल्यांच्या भांडणांबद्दल, खोकल्याचं औषध घोड्यालाही चालेल का म्हणून विचारायला आलेल्या एका गाडीवानाबद्दल. त्यांच्या बायकोने नंतर मला सांगितलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यातलं एक अक्षर तिने ऐकलेलं नव्हतं. केमिस्टांनी त्यानंतर एकही सभा चुकवली नाही. राम आणि पेशवे मात्र आमच्या पार्किंगमध्ये पुन्हा आले नाहीत.

कोणी “असं म्हणतात की” अशी सुरुवात केली की ते स्टूलची घडी घालून उभे राहायचे. “कोण म्हणतं? त्याला बोलवा.” त्यांची बायको गोड होती, थकलेली होती. ती मला एकदा म्हणाली, “मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी सांगितलं, मुलीला स्वयंपाक येतो. तर हे म्हणाले, शेजाऱ्यांपैकी कोणी जेवलंय का?”

एकदा आम्ही गोदावरीच्या पुराची माहिती घ्यायला सायखेड्याला गेलो. एसटीत उभं राहून. तिथे एक म्हातारे शेतकरी भेटले, बोलायला एकदम तयार.

“लय पाणी आलं व्हतं. पार देवळाच्या कळसाला लागलं.”

“तुम्ही कुठे उभे होता?”

“मी व्हय? मी निफाडला. मामाकडं.”

यांनी स्टूल मिटलं.

“आवो, पन आख्खा गाव सांगतोय ना!”

“मग गावाला बोलवा.”

म्हाताऱ्यांना राग आला, पण माणुसकी सुटली नाही. त्यांनी निघताना आम्हाला पिशवीभर पेरू दिले. परतीच्या एसटीत आम्ही ते खाल्ले. त्या दिवसाचं संशोधन तेवढंच.

पण त्यांचं खरं वेड पुढचे कार्यक्रम ठरवण्याचं होतं. पार्किंगच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा पुठ्ठा लावला होता. त्यावर येणाऱ्या वर्षांचे महिने आखलेले आणि प्रत्येक महिन्यासमोर कार्यक्रम. पुढच्या सिंहस्थानंतरच्या दिवाळीत कोणती आळी फिरायची ते त्यांना ठाऊक असे. या रविवारी सतरंजी कोण आणणार, ते मला बघावं लागे. ज्या माणसाच्या नावावर कार्यक्रम ठेवलेला असे तो मध्येच वारला, तर ते नाव खोडत नसत. समोर ‘तहकूब’ असं लिहीत. ते स्वतः गेले तेव्हाही पुढच्या कित्येक वर्षांचे कार्यक्रम ठरलेले होते. मी त्यातले दोन वर्षांचे पार पाडले आणि थांबले. कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, मला कंटाळा आला होता. त्यात खोटं काही नाही.

त्या पुठ्ठ्यावर एक कार्यक्रम मात्र त्यांच्या स्वतःच्या जिव्हाळ्याचा होता. रहाडीचा.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. जुन्या गावात काही चौकांत आणि आळ्यांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यावर लाकडं आणि माती असते, वरून माणसं आणि गाड्या जातात. रंगपंचमीला रहाड उघडतात, पूजा करतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि पूजेचा मान कोणत्या घराचा तेही ठरलेलं. काही रहाडी आजही उघडतात. काही बंद पडल्या. आमच्या या गृहस्थांचं लहानपण जिथे गेलं, त्या आळीतली अशीच बंद पडली होती. आळीचं नाव सांगत नाही. घरं बदलली तरी माणसं तीच आहेत.

त्या आळीत समोरासमोर दोन घरं. पूजेचा मान कोणाचा यावरून दोघांचं बिनसलं. एका वर्षी दोघांनीही पूजा केली नाही, म्हणून रहाड उघडली नाही. मग लाकडं कुजली, कोणीतरी माती लोटली, वरून डांबर आलं. आमचे हे स्टेनो त्या आळीतल्या भाडेकरूचा मुलगा. रहाड बंद व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं त्यांनी तीत धप्पा मारलेला होता. “रंग केशरी,” त्यांनी सभेत सांगितलं. “दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझा कान पिळला, तर मास्तरांची बोटं रंगली.” सगळे हसले. ते हसले नाहीत. “ही माझी साक्ष. एक. एका साक्षीने काही सिद्ध होत नाही.”

मंडळ सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आम्ही त्या दोन घरांत जाऊन आलो. एका घरात एक म्हातारे गृहस्थ होते, आळी त्यांना अण्णा म्हणायची. ते आम्हाला खुर्चीत बसू देण्याआधीच म्हणाले, “रहाड आमच्या दारात होती. मान आमचा. लिहून घ्या.” समोरच्या घरात आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आलेल्या, त्यामुळे अख्ख्या आळीच्या आत्या. त्या म्हणाल्या, “त्यांचं काय ऐकता? आमच्या ओट्याला लागून होती. त्यांच्या घरात रंगसुद्धा कोणाला धड उकळता येत नव्हता.”

बाहेर पडल्यावर ते खूश. “मॅडम, आता दोघांना समोरासमोर आणायचं, आपापल्या दारात उभं करायचं, आणि बोट दाखवा म्हणायचं. इंच इंच भांडतील, आणि त्या भांडणातून जागा नक्की होईल.”

“मग उद्याच करा.”

“उद्या? यंदाचे सगळे रविवार गेलेत. पुढचं वर्षही भरलंय.” त्यांनी पुठ्ठ्यावर बरंच पुढे बोट नेलं आणि एक रंगपंचमी निवडली.

“अहो, ती माणसं सत्तरीची आहेत.”

“म्हणून तर घाई नको. म्हातारी माणसं घाईत चुकीचं सांगतात.”

मी विषय तिथेच सोडला. मला बँकेत जायचं होतं.

मग वर्षं गेली. सोसायटीत घरटी गाडी आली, काही घरांत दोन. पार्किंगमध्ये सतरंजी टाकायला जागा उरली नाही आणि तसा ठरावही झाला. तो ठराव मीच लिहिला, कारण सोसायटीचं काम अजून माझ्याकडेच होतं. सभा आमच्या दिवाणखान्यात भरू लागल्या. माणसं कमी झाली. अंबडच्या कारखान्यांतली दोन-तीन उत्साही मुलं यायची, ती किल्ल्यांवर जाणाऱ्या ग्रुपमध्ये गेली. तिथे टी-शर्ट मिळायचा. केमिस्ट यायचे, पण त्यांना ऐकू कमी यायचं. एका सभेला आम्ही पाच जण होतो, आणि त्यातली एक मी, एक माझी सासू.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ते प्रथमच आत बसून राहिले. मी चहा केला. त्यांनी घेतला.

“मॅडम, नुसतं सांगितलेलं टिकत नाही,” ते म्हणाले. “लोकांना हात लावता येईल अशी एक तरी वस्तू पाहिजे. एक रहाड उघडली ना, की मंडळाला मरण नाही. दर रंगपंचमीला माणसं येतील. आपण असू, नसू.”

सिंहस्थ जवळ आला होता आणि गावात रस्त्यांची कामं निघाली होती. पुठ्ठ्यावरची ती रंगपंचमी अजून आली नव्हती, आणि त्यांच्या आळीतही काँक्रीट होणार होतं. एकदा ते पडलं की खाली काय आहे ते कोणी उकरायला जाणार नव्हतं. ते नगरपालिकेच्या वेळेपासूनच्या सगळ्या साहेबांना ओळखत. एका इंजिनिअरने भलेपणाने सांगितलं, “काका, नेमकी जागा दाखवा. दोन्ही घरांना मान्य असली पाहिजे. तेवढा चौकोन सोडून काँक्रीट टाकू. पण एका घराची जरी तक्रार आली तरी मला जमणार नाही.”

म्हणजे इंजिनिअरलाही दोन घरांची साक्ष हवी होती. यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट माणूस कामाचा आहे म्हणाले.

रविवारी सकाळी केमिस्टांना घेऊन आम्ही आळीत गेलो. डांबर उखडून खडी अंथरलेली होती. मिक्सर फिरत होता. मुकादम विडी ओढत उभा. दुपारच्या आत तेवढा तुकडा संपवायचा असं त्याने सांगितलं. तमाशा बघायला आळी गोळा झाली. आमच्या कोणत्याही सभेला कधी आली नव्हती इतकी माणसं. मी मनात म्हटलं, चला, निदान गर्दी तरी.

अण्णांना त्यांच्या मुलाने खुर्चीत बसवून दारात आणलं होतं. समोर आत्या ओट्यावर, मागे त्यांचा भाचा. हे मधोमध, खडीवर, हातात रांगोळीची पुडी.

“अण्णा, रहाड कुठे होती ते बोटाने दाखवा.”

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाइलकडे बघत होता. अण्णांनी हात वर केला आणि थेट आत्यांच्या ओट्याकडे बोट केलं. “तिकडे. आमच्या बाजूला काहीच नव्हतं.”

आळीत कोणीतरी हसलं.

“आत्या?”

“आमच्याकडे?” आत्यांचा आवाज चढला. “असं कसं? मान यांचा, मग रहाड आमच्या दारात कशी? यांच्याच उंबऱ्याशी होती!”

“अगं, काय बोलतेस? तुझ्या बापाने तर त्याच्यासाठी ओटा तोडला होता!”

“तुमच्याच बापाने पायरी तोडली होती!”

ज्या रहाडीसाठी दोन घरं आयुष्यभर एकमेकांकडे पाहत नव्हती, ती आता एकमेकांच्या दारात ढकलत होती. आळी पोट धरून हसत होती. मी हसले नाही, कारण मला कारण दिसत होतं. दोन्ही घरांचं बिल्डरशी बोलणं चाललेलं होतं. ज्याच्या दारात असा चौकोन राहील आणि उद्या त्याला कोणी जुनं बांधकाम म्हणेल, त्याच्या नकाशाचं काय होणार, हा हिशोब त्या मुलाने आणि त्या भाच्याने आपापल्या घरात केलेला होता.

“अण्णा, मागे तुम्ही वेगळं सांगितलं होतं.” यांचा आवाज अगदी कोर्टातला.

“वय झालं हो. नाही आठवत.”

हे खडीवर उभेच. पुडी हातात तशीच. मी जवळ गेले.

“तुम्हाला जागा माहीत आहे ना? मग काढा चौकोन. दुसरी साक्ष माझी घाला. मी इंजिनिअरला सांगते की दोन्ही घरं हो म्हणाली. काँक्रीट सुकल्यावर कोण तक्रार करायला येतंय?”

“तुम्ही पाहिलीत?”

“नाही. पण तुम्ही सांगताय ना.”

“मग रामायणवाल्यांनी काय घोडं मारलं होतं, मॅडम?”

मी वैतागून बाजूला झाले. ऊन चढलं होतं. आत्यांनी ओट्यावरून मला हाक मारली, “ए बाई, पाणी पी ये.” भाचा बाहेर मुकादमाशी बोलत होता. मी आत गेले.

आतल्या खोलीत त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरून ठेवलं.

“होती गं. आमच्याच ओट्याला लागून. पळसाचा रंग आमच्या चुलीवर उकळायचा, माझे हात कोपरापर्यंत केशरी. तो बाहेर उभा आहे तो भाडेकरूंचा पोरगा ना? त्याला पोहता यायचं नाही आणि धप्पा मारायची हौस. गटांगळ्या खायला लागला की केसाला धरून मीच बाहेर काढायचे त्याला.”

“मग आत्या, बाहेर येऊन सांगा ना एवढंच.”

“भाच्याची सही झालीय.” त्यांनी माझा हात सोडला. “मला याच्याच घरात मरायचंय, बाई. पाणी पी.”

मी पाणी प्याले. बाहेर आले. त्यांना बाजूला घेऊन सगळं थोडक्यात सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

“सगळ्यांसमोर सांगतील?”

“नाही.”

“मग नाही,” ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांच्या हातातली पुडी ओढून घ्यावी आणि आपणच तिथे रांगोळी ओतावी असं वाटलं. पण कुठे ओतायची ते मला माहीत नव्हतं. ते एकट्या त्यांना आणि आत बसलेल्या त्या बाईला माहीत होतं.

मुकादमाने विडी टाकली. “काका, काय करायचं? टाकू का? माल घट्ट व्हायला लागला.”

त्यांनी एकदा खडीकडे पाहिलं. आत्यांच्या ओट्यापासून हातभर अंतरावर, एका ठिकाणी. मग पुडी खिशात ठेवली.

“टाका,” ते म्हणाले.

मिक्सर कलला. आम्ही थांबलो नाही. गर्दी पांगली होती, केमिस्ट भाजी घ्यायला गेले होते. आम्ही दोघं रिक्षा स्टँडकडे चालू लागलो. मी पुढच्या रविवारचं विचारलं, सभा आमच्याकडे ठेवायची की त्यांच्याकडे. ते चालत राहिले. कोपऱ्यावर आल्यावर थांबले.

“त्या काय म्हणाल्या?”

“सांगितलं ना मघाशी.”

“शब्द सांगा. त्यांचे. तुमचे नकोत.”

मला एकच गोष्ट दोनदा सांगायला आवडत नाही. ऑफिसातही मी एकदाच सांगते. मी म्हटलं, “त्याला पोहता यायचं नाही आणि धप्पा मारायची हौस. गटांगळ्या खायला लागला की केसाला धरून मीच बाहेर काढायचे त्याला.”

“केसाला धरून?”

“हो.”

ते काही पावलं चालले. त्यांच्या डोक्यावर आता केस उरलेले नव्हते. त्यांनी तिथे हात नेला आणि लगेच खाली घेतला.

“पुन्हा सांगा,” ते म्हणाले.

मी सांगितलं. रिक्षावाला आम्हाला बघून मीटर टाकायला वाकला होता. त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

“पुन्हा.”